मायक्रोआरएनए, रोगप्रतिकारक पेशी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (पुढे एमएस; शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मज्जातंतूंवरचे आवरण सोलते तो आजार) अमुक मायक्रोआरएनए वाढतो, तमुक घटतो, अशी वाक्ये रोज वाचायला मिळतात. कोणत्या पेशीत, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणते औषध चालू असताना, हे त्यासोबत सांगितलेले नसेल तर त्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. खालची उत्तरे वाचताना हे तीन प्रश्न हाताशी ठेवा. पहिला अर्धा भाग पेशींच्या जीवशास्त्राचा आहे, नंतरचा प्रयोगशाळेचा आणि शेवटचा रुग्णांच्या प्रश्नांचा.

मायक्रोआरएनए म्हणजे नेमके काय?

साधारण २२ न्यूक्लिओटाइड लांबीचा आरएनएचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही. दुसऱ्या जनुकांच्या संदेशवाहक आरएनएवर बसून त्यांच्यापासून किती प्रथिन बनू द्यायचे, हे तो ठरवतो. पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत सापडला. तेव्हा ही त्या कृमीचीच काहीतरी खासियत असावी असे बहुतेकांना वाटले. २००० मध्ये लेट-७ सापडला, तोच माणसापर्यंतच्या अनेक प्राण्यांत जसाच्या तसा असल्याचे दिसले आणि चित्र पालटले. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मिरबेस या नोंदसंचात आज माणसाच्या सुमारे २,६०० परिपक्व मायक्रोआरएनएंची नोंद आहे. त्यातले सगळेच तितके भक्कम पुरावे असलेले नाहीत.

तो पेशीत तयार कसा होतो?

केंद्रकात आधी एक लांबलचक आरएनए बनतो. ड्रोशा हे विकर त्यातून केसाच्या पिनेसारखा वळलेला, सुमारे ७० न्यूक्लिओटाइडचा भाग कापते. एक्स्पोर्टिन-५ तो केंद्रकाबाहेर नेते. बाहेर डायसर हे दुसरे विकर त्याची गाठ छाटते आणि दोन धाग्यांची छोटी जोडी उरते. त्यातला एक धागा आर्गोनॉट प्रथिनात जाऊन बसतो, दुसरा बहुधा नष्ट होतो. नावामागे लागणारे ५पी आणि ३पी हे याच दोन धाग्यांचे. मिर-१५५-५पी आणि मिर-१५५-३पी (मिर म्हणजे मायक्रोआरएनए) यांची लक्ष्ये वेगळी असतात. प्रोब मागवताना ५पी की ३पी हे न पाहिल्यामुळे महिन्याचे काम फुकट गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

एवढ्याशा तुकड्याला आपले लक्ष्य सापडते कसे?

सगळी मदार दुसऱ्या ते आठव्या अक्षरावर (न्यूक्लिओटाइडवर) असते. या सात अक्षरांना बीजभाग म्हणतात. मिर-१५५-५पी ची सुरुवात अशी आहे: यू-यू-ए-ए-यू-जी-सी-यू. पहिले अक्षर सोडले की बीजभाग उरतो यू-ए-ए-यू-जी-सी-यू. संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात त्याच्याशी उलट दिशेने जोडी जमवणारी (ए-यू, जी-सी) ए-जी-सी-ए-यू-यू-ए अशी ओळ असेल, तर मिर-१५५ तिथे चिकटू शकतो. मग त्या संदेशाची पॉली-ए शेपटी आखडते, प्रथिननिर्मिती मंदावते आणि संदेश लवकर मोडीत निघतो.

सात अक्षरांची ओळ योगायोगानेही हजारो ठिकाणी सापडते. म्हणून संगणकाने काढलेली लक्ष्यांची यादी नेहमीच लांब असते आणि तिच्यातली बरीच नावे प्रत्यक्ष पेशीत टिकत नाहीत.

मायक्रोआरएनए वाढला की लक्ष्य प्रथिन बंद पडते, असे समजायचे का?

नाही. हा पंख्याच्या रेग्युलेटरसारखा प्रकार आहे, बटणासारखा नाही. एका लक्ष्यावरचा परिणाम बहुतेक वेळा माफक असतो, प्रथिन थोडेसेच कमी होते. पण एकच मायक्रोआरएनए एका मार्गातल्या पाच-दहा प्रथिनांना एकाच दिशेने थोडे थोडे ढकलतो आणि त्यांची बेरीज मोठी होते. रोगप्रतिकारक पेशींचे निर्णय उंबरठ्यावर होत असल्यामुळे तिथे ही बेरीज विशेष जाणवते. टी पेशी चेतवायची की नाही, ती टीएच१७ (दाह वाढवणारी) व्हायची की नियामक (दाह आवरणारी), हे संदेशांच्या तीव्रतेतल्या थोड्या फरकाने ठरते.

एमएसमध्ये रोगप्रतिकारक पेशींचे काय बिघडते?

थोडक्यात: मायलिनमधल्या (मज्जातंतूंवरच्या आवरणातल्या) घटकांना ओळखणाऱ्या टी पेशी शरीराच्या परिघात चेतवल्या जातात, मेंदू-रक्त अडसर ओलांडतात, आत पुन्हा चेतवल्या जातात आणि मॅक्रोफेज (गिळंकृत करणाऱ्या पेशी) व मायक्रोग्लियांना (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींना) कामाला लावतात. मायलिन सोलले जाते, पुढे मज्जातंतूही तुटतात. टीएच१ आणि टीएच१७ या सीडी४ (मदतनीस टी) पेशी, सीडी८ (मारक टी) पेशी आणि बी पेशी या सगळ्यांचा त्यात हात असतो. त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशींची संख्या बहुधा ठीक असते, कमी पडते ती त्यांची दाबून ठेवण्याची ताकद. मायक्रोआरएनए या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीवर बसलेले आहेत.

सगळीकडे मिर-१५५ चेच नाव का येते?

कारण तो अनेक पेशींत एकाच वेळी दाह वाढवण्याच्या बाजूने काम करतो. मॅक्रोफेजला जंतूंचा किंवा दाहाचा संकेत मिळाला की काही तासांत मिर-१५५ चढतो. तो सॉक्स१ आणि शिप१ या दोन प्रथिनांना खाली आणतो. ही दोन्ही दाहाच्या संदेशाला लगाम घालणारी प्रथिने. लगाम सैल झाला की संदेश जास्त वेळ आणि जास्त जोरात चालू राहतो. टी पेशींत तो टीएच१ आणि टीएच१७ दिशेला मदत करतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तर पेशींत तो वाढला तर अडसर गळका होतो. मिर-१५५ नसलेल्या उंदरांत एमएससदृश आजार (ईएई) लक्षणीय सौम्य राहतो.

एमएसच्या सक्रिय व्रणांत मिर-१५५, मिर-३४ए आणि मिर-३२६ हे तिघे वाढलेले सापडले, आणि तिघांचे एक समान लक्ष्य निघाले: सीडी४७. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि मॅक्रोफेजला ‘मला खाऊ नकोस’ असे सांगते. ते कमी झाले की मॅक्रोफेजचा हात सुटतो आणि मायलिन गिळले जाते. मायक्रोआरएनएपासून थेट व्रणापर्यंत जाणारी इतकी सरळ वाट क्वचित दिसते.

एक जोडकथा एप्स्टीन-बार विषाणूची. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात या संसर्गानंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पट वाढलेला दिसला. हा विषाणू बी पेशींत शिरल्यावर त्यांच्यातला मिर-१५५ वाढवतो. शिवाय स्वतःचे मायक्रोआरएनए असल्याचे ज्या विषाणूत सर्वांत आधी, २००४ मध्ये, दिसले तो हाच. या दोन गोष्टींचा एमएसशी कार्यकारण संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तशी साखळी अजून सिद्ध झालेली नाही.

मिर-१४६ए हा दाहाचा ब्रेक आहे, मग एमएसच्या रुग्णांत तो वाढलेला कसा?

हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास अडवतो. एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन दाहाची मुख्य कळ मानली, तर ती दाबली गेल्यावर दाहाच्या जनुकांबरोबर मिर-१४६ए सुद्धा तयार होतो. मिर-१४६ए मग ट्राफ६ आणि आयरॅक१ यांना कमी करून तीच कळ सैल करतो. म्हणजे दाह जितका जास्त, तितका ब्रेकवरचा पाय घट्ट. उतारावर धावणाऱ्या गाडीचा ब्रेक दाबलेला दिसला म्हणून ब्रेकमुळे गाडी धावते असे आपण म्हणत नाही. वाढलेला मायक्रोआरएनए कारण आहे, परिणाम आहे की शरीराने केलेली भरपाई, हे नुसत्या पातळीवरून कळत नाही. त्यासाठी तो काढून किंवा वाढवून पाहावा लागतो.

टीएच१७ पेशींवर कोणाचा ताबा असतो?

मिर-३२६ हे ठळक उदाहरण. चीनमधल्या हान रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रिलॅप्सच्या (आजार पुन्हा उसळण्याच्या) वेळी त्याची पातळी चढलेली दिसली. तो ईटीएस-१ ला दाबतो, आणि ईटीएस-१ हे टीएच१७ होण्याच्या वाटेवरचे अडथळा-प्रथिन आहे. उंदरांत मिर-३२६ गप्प केल्यावर टीएच१७ पेशी आणि आजार दोन्ही कमी झाले.

मिर-२१ दुसऱ्या दाराने येतो. तो स्मॅड-७ ला कमी करतो, त्यामुळे टीजीएफ-बीटा या संकेत देणाऱ्या प्रथिनाचा संदेश वाढतो आणि टीएच१७ बनणे सोपे होते. उलट बाजूला मिर-२०बी आहे, तो आरओआर-गॅमा-टी आणि स्टॅट३ या टीएच१७ घडवणाऱ्या प्रथिनांना लक्ष्य करून टीएच१७ आवरतो. मिर-१७ ते ९२ हा समूह टी पेशींच्या वाढीला चालना देतो, आणि एमएस रुग्णांच्या सीडी४ पेशींत मिर-१७-५पी वाढल्याची नोंद आहे. टीएच२ दिशा रोखून तोल टीएच१ कडे झुकवणारे मिर-१२८, मिर-२७बी आणि मिर-३४० हेही रुग्णांच्या सीडी४ पेशींत वाढलेले आढळले होते.

नियामक टी पेशींचे काय?

उंदरांच्या फक्त नियामक टी पेशींतून डायसर काढून टाकले, म्हणजे तिथे एकही मायक्रोआरएनए नीट तयार होणार नाही अशी सोय केली, तर प्राणघातक स्वप्रतिरोधक आजार होतो. २००८ च्या या प्रयोगांनंतर कोणीही या पेशींतल्या मायक्रोआरएनएंना दुय्यम मानले नाही. मिर-१४६ए नसेल तर नियामक पेशीत स्टॅट१ वाढतो आणि ती टीएच१ ला आवरेनाशी होते. रुग्णांच्या नियामक पेशींत मिर-२५ आणि मिर-१०६बी वाढलेले दिसले आहेत, हे दोघे टीजीएफ-बीटाच्या वाटेत ढवळाढवळ करतात.

आणखी एक वेधक धागा: रुग्णांच्या रक्तातल्या एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पुटिकांमध्ये लेट-७आय जास्त असतो आणि तो नियामक टी पेशी तयार होण्यालाच अडवतो. म्हणजे एका पेशीचा मायक्रोआरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन काम करतो.

बी पेशी?

मिर-१३२ वाढला की सर्टुइन-१ घटते आणि बी पेशी लिम्फोटॉक्सिन व टीएनएफ-अल्फा ही दाहक प्रथिने जास्त सोडतात. सीडी२० विरोधी (बी पेशी काढून टाकणारी) औषधे एमएसमध्ये इतकी चालतात यावरून बी पेशींचे काम प्रतिपिंडांपुरते नाही हे कळतेच, हा धागा त्याच चित्रात बसतो.

मेंदूच्या आत मायक्रोग्लियांना शांत कोण ठेवते?

मिर-१२४. निरोगी मेंदूतल्या मायक्रोग्लियांत तो भरपूर असतो, चेतलेल्या पेशींत घटतो. सी/ईबीपी-अल्फा आणि त्यापुढचे पीयू.१ यांना खाली ठेवून तो पेशीला विश्रांतीच्या अवस्थेत ठेवतो. ईएई झालेल्या उंदरांना तो बाहेरून दिल्यावर आजार दबला. मायलिनच्या दुरुस्तीसाठी मात्र मिर-२१९ आणि मिर-३३८ महत्त्वाचे, त्यांच्याशिवाय मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी पक्व होत नाहीत. ते रोगप्रतिकारक पेशींचे नियामक नसल्याने इथे त्यांचा विस्तार करत नाही.

एका अभ्यासात वाढलेला मायक्रोआरएनए दुसऱ्यात घटलेला कसा?

बहुतेक वेळा कारण पेशींचे मिश्रण. एक हिशेब करून पाहा. समजा एखादा मायक्रोआरएनए टी पेशीत १० प्रती आणि मोनोसाइटमध्ये १०० प्रती इतका आहे. नमुन्यात ८० टक्के टी पेशी व २० टक्के मोनोसाइट असतील, तर सरासरी येते ८ अधिक २०, म्हणजे २८. आता औषधामुळे टी पेशी घटून प्रमाण निम्मे-निम्मे झाले, तर सरासरी ५ अधिक ५०, म्हणजे ५५. एकाही पेशीच्या आत काहीही न बदलता मायक्रोआरएनए जवळपास दुप्पट झाल्याचे दिसले!

फिंगोलिमॉड घेणाऱ्यांत नेमके हेच घडते, कारण ते औषध लिम्फोसाइट (टी व बी पेशी) लसिकाग्रंथींत अडकवून ठेवते. नॅटॅलिझुमॅब उलटे करते, ते पेशींना मेंदूत जाऊ देत नाही आणि रक्तातले लिम्फोसाइट वाढतात. सीडी२० विरोधी औषध घेतले की बी पेशी रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. म्हणून संपूर्ण रक्तावर किंवा मिश्र एककेंद्रकी पेशींवर केलेले मोजमाप वाचताना पेशींची टक्केवारी दिलेली आहे का, हे आधी पाहा. नसेल तर त्या निष्कर्षाला पाठिंबाही देऊ नका आणि विरोधही नको.

दुसरे कारण आकडेमोडीतले. ८०० मायक्रोआरएनए तपासले आणि ०.०५ ही मर्यादा धरली, तर काहीच फरक नसतानाही सुमारे ४० ‘लक्षणीय’ निघतील. बहुचाचणी दुरुस्ती न केलेली यादी म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

तिसरे कारण वेळ. रिलॅप्समधले रुग्ण, स्थिर रुग्ण आणि प्रगतिशील एमएसचे रुग्ण एका गटात घातले की परस्परविरोधी बदल एकमेकांना खोडतात. स्टेरॉइडचा शिरेतून डोस, सहसा रोज १ ग्रॅम मिथिलप्रेडनिसोलोन ३ ते ५ दिवस, नुकताच झालेला असेल तर मोजलेला बदल आजाराचा की स्टेरॉइडचा, हे सांगता येत नाही.

नमुना घेताना सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

रक्तपेशी फुटण्यात. तांबड्या पेशींत मिर-४५१ए, मिर-१६, मिर-४८६ आणि मिर-९२ए ठासून भरलेले असतात. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, हलवलेली नळी, यातले काहीही झाले की प्लाझ्मा गुलाबीसर होतो आणि आकडे आजाराचे न राहता फुटलेल्या पेशींचे होतात. डोळ्याला रंग दिसण्याआधीच नुकसान झालेले असते, म्हणून नजरेवर विसंबू नका.

दोन तपासण्या करा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४१४ नॅनोमीटरला शोषण मोजा, ०.२ च्या वर गेले तर नमुना संशयास्पद. नंतर पीसीआरमध्ये (आरएनएच्या प्रती वाढवून मोजण्याच्या तंत्रात) मिर-२३ए-३पी च्या सीक्यू मूल्यातून (कितव्या चक्रात संकेत दिसला तो आकडा; आकडा जितका लहान, तितका मायक्रोआरएनए जास्त) मिर-४५१ए चे मूल्य वजा करा. फरक ५ पेक्षा जास्त असेल तर शंका घ्या, ७ पेक्षा जास्त असेल तर नमुना बाजूला काढा. असे नमुने ‘थोडे सांभाळून’ वापरण्याची युक्ती नसते.

नळी ईडीटीएची घ्या. हेपारिन पीसीआरला अडवते आणि शुद्धीकरणातही पूर्ण निघत नाही. रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करा आणि हा अवधी सगळ्या नमुन्यांना सारखा ठेवा. सेंट्रिफ्यूज दोनदा: आधी सुमारे २,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २,००० पट बळावर) १० मिनिटे, मग वरचा द्रव नव्या नळीत घेऊन अधिक वेगाने पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीचा हेतू प्लेटलेट काढण्याचा. प्लेटलेटमध्ये मिर-२२३ आणि मिर-१२६ भरपूर असतात, आणि एकदा गोठवून वितळवले की त्या फुटतात. पहिल्या फेरीत खालच्या पांढऱ्या थरावरचा अर्धा सेंटीमीटर द्रव तसाच सोडा, तिथे हाव धरली की प्लेटलेट आल्याच. छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एक भाग एकदाच वितळवा.

सीरम आणि प्लाझ्मा एकाच अभ्यासात मिसळू नका. रक्त गोठताना पेशी आपले मायक्रोआरएनए सोडतात, त्यामुळे दोन्हींचे आकडे तुलना करण्याजोगे नसतात.

पेशी वेगळ्या करायच्या असतील तर?

१.०७७ घनतेच्या द्रावणावर रक्त हळुवार थर करून ओता, सामान्य तापमानाला ४०० जी वर ३० मिनिटे, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतो, आणि पुढचे सगळे शुद्धीकरण बिनकामाचे. मग चुंबकीय मणी किंवा फ्लो सॉर्टरने सीडी४ (टी), सीडी१९ (बी), सीडी१४ (मोनोसाइट) पेशी वेगळ्या करा. शुद्धता मोजून नोंदवा. निवडीसाठी पेशीलाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडामुळे ती पेशी काही अंशी चेतू शकते, म्हणून मिर-१५५ सारख्या चटकन चढणाऱ्या मायक्रोआरएनएसाठी नको त्या पेशी काढून टाकणारी नकारात्मक निवड बरी.

आरएनए काढताना आणि पीसीआर करताना काय सांभाळायचे?

सिलिका कॉलममध्ये लहान आरएनए अडकण्यासाठी इथेनॉलचे प्रमाण जास्त लागते, साधारण दीडपट घनफळ. मोठ्या आरएनएच्या पद्धतीने काम केले की मायक्रोआरएनए सरळ वाहून जातात, आणि दोषी नमुना ठरतो. फिनॉल-ग्वानिडिन द्रावणाने अगदी कमी पेशींतून आरएनए काढला तर जी-सी कमी असलेले काही मायक्रोआरएनए निवडक गहाळ होतात. दोन गटांत पेशींची संख्या वेगळी असेल तर हा गहाळपणा जैविक फरकाचे सोंग घेतो. म्हणून सगळीकडे सारख्या पेशी घ्या.

प्लाझ्मात आरएनए इतका कमी असतो की त्याचे वजन मोजण्यात अर्थ नाही. सारखे घनफळ घ्या, विघटक द्रावण घातल्यानंतरच कृमीचा सेल-मिर-३९ ठरावीक प्रमाणात टाका. आधी टाकला तर प्लाझ्मातली विकरे त्याला काही क्षणांत खातात. हा घटक काढण्यातली तूट दाखवतो, जैविक संदर्भाचे काम त्याच्याकडून होत नाही.

संदर्भासाठी (बाकीचे आकडे ज्याच्याशी ताडायचे त्यासाठी) प्लाझ्मात यू६ हा लहान आरएनए वापरू नका, तो तिथे स्थिर नसतो. मिर-१६ बऱ्याच जणांच्या सवयीचा आहे, पण तांबड्या पेशी फुटल्या की तोच चढतो आणि बाकी सगळे घटल्यासारखे दिसतात. आपल्याच नमुन्यांत स्थिर असलेले दोन-तीन शोधून त्यांची सरासरी घ्या.

आकडेमोडीचे एक उदाहरण. समजा रुग्णाच्या सीडी४ पेशींत मिर-१५५ चा सीक्यू २७.०, संदर्भाचा २२.०, फरक ५.०. निरोगी व्यक्तीत २८.५ आणि २२.०, फरक ६.५. दोन फरकांतला फरक उणे १.५, म्हणजे २ चा १.५ वा घात, सुमारे २.८ पट वाढ. हे गणित प्रत्येक चक्रात दुप्पट होते असे गृहीत धरते. प्रमाण-वक्राचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ च्या बाहेर गेला तर ते गृहीतक कोसळते. सीक्यू ३५ च्या पुढे गेला की तिहेरी चाचण्यांतले आकडेच एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे ‘आढळला नाही’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे.

लक्ष्य खरे आहे हे सिद्ध कसे करतात?

नुसत्या संगणकी अंदाजावर निष्कर्ष काढणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. आधी लक्ष्याचा शेपटाकडचा भाग प्रकाश देणारे प्रथिन बनवणाऱ्या ल्युसिफरेज जनुकाला जोडतात आणि मायक्रोआरएनए टाकल्यावर प्रकाश घटतो का ते पाहतात. मग बीजभागाशी जुळणारी दोन-तीन अक्षरे बदलतात. बदललेल्या नमुन्यात प्रकाश पूर्ववत झाला पाहिजे. तो झाला नाही, तर परिणाम दुसऱ्या वाटेने आलेला असतो. त्यानंतर ज्या पेशीबद्दल दावा आहे त्याच पेशीत मायक्रोआरएनए अडवून मूळ प्रथिन वाढते का, हे पाहावे लागते. बऱ्याच लेखांत ही शेवटची पायरी गाळलेली असते, आणि ती गर्भाच्या मूत्रपिंडातून आलेल्या सोप्या पेशींवरच्या प्रकाशाने भरून निघत नाही.

कृत्रिम मायक्रोआरएनए ५० ते १०० नॅनोमोलर इतका ओतला की तो आर्गोनॉटमधली जागा बळकावतो आणि पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए बाहेर फेकले जातात. मग दिसणारा परिणाम नेमका कोणाचा? डोस कमी ठेवा आणि अडवून पाहण्याच्या प्रयोगाला जास्त वजन द्या.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला किती लागू पडतात?

ईएईमध्ये उंदराला मायलिनचा एमओजी ३५-५५ हा तुकडा क्षयजंतूंचे अंश मिसळलेल्या तेलात टोचतात, त्याच दिवशी आणि ४८ तासांनी पर्टसिस विष देतात. ९ ते १४ दिवसांत शेपूट लुळी पडते, मग मागचे पाय. हा आजार मुख्यतः सीडी४ पेशींचा आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा आहे. एमएसमध्ये सीडी८, बी पेशी आणि मेंदूतले व्रण यांचा वाटा मोठा. शिवाय ईएई केव्हा सुरू झाला ते ठाऊक असते, रुग्णात आजार वर्षानुवर्षे आधीच चाललेला असतो. टोचण्याआधी दिलेला प्रतिबंधक मायक्रोआरएनए आणि लक्षणे आल्यावर दिलेला, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेखात डोस कोणत्या दिवशी दिला ते शोधा.

मला एमएसची शंका आहे. मायक्रोआरएनए चाचणी करून घेऊ का?

नको. निदान मॅकडोनाल्ड निकषांवर होते: लक्षणे, एमआरआय आणि मणक्यातल्या पाण्यातील ऑलिगोक्लोनल पट्टे. २०२४ च्या सुधारणेत दृष्टीमज्जा, मध्यवर्ती शिरेची खूण आणि कॅपा मुक्त साखळ्या यांचीही भर पडली. मायक्रोआरएनए या यादीत नाही. मज्जातंतूंची हानी रक्तातून मोजायची असेल तर न्यूरोफिलामेंट हलकी साखळी ही चाचणी आज कितीतरी पुढे आहे. मायक्रोआरएनएचा अहवाल हाती आला तरी त्यावरून औषध बदलायचे की नाही हे ठरवण्याची कोणतीही मान्य मर्यादा अस्तित्वात नाही.

मायक्रोआरएनएवर आधारित औषध कधी येईल?

एमएससाठी असे मंजूर औषध नाही. अडचणी ठोस आहेत. उघडा आरएनए रक्तात मिनिटांत तुटतो, रासायनिक बदल करून टिकवला तर बहुतांश यकृत आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो, मेंदूत पोहोचतो अत्यल्प. यकृतातला मिर-१२२ अडवून हिपॅटायटिस सी वर केलेला प्रयोग चालला, कारण औषध आपोआप जिथे जाते तिथेच लक्ष्य होते. कर्करोगासाठी मिर-३४ए ची नक्कल शरीरात देण्याची चाचणी २०१६ मध्ये गंभीर रोगप्रतिकारक प्रतिक्रियांमुळे थांबवावी लागली. ज्या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणाच बिथरलेली आहे, तिथे हा इशारा दुप्पट महत्त्वाचा.

मिर-१५५ पूर्ण अडवणे हेही दुधारी आहे. तो नसलेल्या उंदरांचा लसीला आणि जंतूंना प्रतिसाद कमकुवत असतो. बाहेरून आरएनए देण्याऐवजी पेशीलाच जास्त मिर-१२४ बनवायला लावणारे ओबेफाझिमॉड हे तोंडावाटे घ्यायचे औषध मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहासाठी चाचण्यांत पुढच्या टप्प्यावर पोहोचले आहे. ही वाट आम्हाला जास्त आशादायक वाटते, कारण तिथे पोहोचवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

‘मायक्रोआरएनए संतुलित करणारे’ आहारपूरक घ्यावे का?

बाटलीवर कोणत्या पेशीतला, कोणता आणि किती बदल मोजला, हे लिहिलेले असते का ते पाहा. पेशींच्या बशीत हळदीतल्या घटकाने मिर-२१ घटला याचा अर्थ तो तुमच्या सीडी४ पेशींत घटेल असा होत नाही, बशीतली मात्रा रक्तात गाठलीच जात नाही. चालू असलेले एमएसचे औषध अशा पूरकाच्या भरवशावर थांबवू नका. नॅटॅलिझुमॅब आणि फिंगोलिमॉड अचानक बंद केल्यावर काही आठवडे ते महिन्यांत आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो, आणि तो उसळलेला आजार थोपवायला तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडे वेळ फार कमी असतो.